स्लाउमधलं कोमट पाणी: एका कॉम्बी बॉयलरचं प्रकरण

हे प्रकरण इंग्लंडमधल्या स्लाउ गावातलं आहे. घर एका मराठी कुटुंबाचं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, मोजमापं आणि घेतलेले निर्णय मात्र जसेच्या तसे आहेत. गॅसवरच्या हीटिंगचं काम मी नोंदणीकृत कारागीर म्हणून करतो. इथल्या मराठी घरांतून गरम पाण्याची ही तक्रार दर हिवाळ्यात येते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पार्श्वभूमी

तीन बेडरूमचं, १९३० च्या दशकात बांधलेलं जोडघर. नवरा-बायको दोघं नोकरी करणारी, दोन शाळकरी मुलं. घर विकत घेतलं तेव्हा स्वयंपाकघरात २८ किलोवॉटचा कॉम्बी बॉयलर होता, तेव्हाच सहा-सात वर्षांचा. रेडिएटर त्याहून बरेच जुने. वरच्या मजल्यावर एक बाथरूम, खाली नंतर काढलेली छोटी शॉवर-रूम. नोव्हेंबरात साताऱ्याहून सासू-सासरे आले, सहा महिने राहायला.

कॉम्बी नवा असणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये गॅसचा इन्स्टंट गिझर असतो, तसाच हा. फक्त तोच बर्नर घर गरम करणाऱ्या रेडिएटरचं पाणीही तापवतो. गरम पाण्याची टाकी नसते. नळ उघडला की आतल्या फ्लो सेन्सरला वाहतं पाणी कळतं, पंप सुरू होतो, डायव्हर्टर व्हॉल्व्ह रेडिएटरकडचं पाणी आतच वळवतो आणि बर्नर पेटतो. हे आतलं तापलेलं पाणी प्लेट हीट एक्स्चेंजरमधून फिरतं. हाताच्या पंजाएवढा, पातळ स्टीलच्या पत्र्यांचा तो गठ्ठा असतो. पत्र्याच्या एका बाजूने रेडिएटरचं पाणी, दुसऱ्या बाजूने नळाचं. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत, फक्त उष्णता पलीकडे जाते.

साठवण नसल्यामुळे सगळा हिशेब एका गुणाकारात मावतो: मिनिटाला किती लिटर, आणि किती अंश वाढवायचं. लिटर गुणिले अंश गुणिले ०.०७ केलं की लागणारे किलोवॉट मिळतात. थंडीत इथे नळाचं पाणी ६-७ अंशांवर येतं. अंघोळीला ४० अंश हवेत म्हणजे ३३-३४ अंशांची वाढ. २८ किलोवॉटमध्ये तेवढ्या वाढीने मिनिटाला साधारण १२ लिटर पाणी मिळतं, त्याहून जास्त नाही. उन्हाळ्यात पाणी मुळातच १७-१८ अंशांवर येतं, तेव्हा तोच बॉयलर फार दमदार वाटतो. त्यामुळे बॉयलरचं दुखणं उन्हाळाभर लपून राहतं आणि पहिल्या कडाक्याच्या थंडीत उघडं पडतं.

अडचण

तक्रार अशी होती: नळ उघडल्यावर पाणी काही सेकंद छान गरम येतं, मग कोमट होतं, पुन्हा थोडं तापतं, पुन्हा कोमट. शॉवरखाली उभं राहवत नाही. सासूबाईंना बादलीने अंघोळ करायची सवय. त्यांची बादली भरेपर्यंत आतलं पाणी कोमटच झालेलं असायचं. "एवढं यंत्र भिंतीवर, आणि पाणी किटलीत तापवून घ्यावं लागतंय," असं त्या मला म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. सकाळी किटली दोन-तीनदा उकळून बादलीत ओतली जात होती. घरात लहान मुलं असताना उकळतं पाणी जिन्यावरून वर नेणं मला सगळ्यांत काळजीचं वाटलं.

आधी झालेले उपाय

मी जाण्यापूर्वी एक कारागीर येऊन गेला होता. त्याने डायव्हर्टर व्हॉल्व्ह बदलला. फरक पडला नाही. मग त्याने सांगितलं की बॉयलर लहान पडतोय, ३५ किलोवॉटचा नवा घ्या. कोटेशन काही हजार पौंडांचं होतं. कुटुंब ते मान्य करायच्या बेतात होतं, कारण घरात वयस्कर माणसं थंडीत कुडकुडत होती आणि दुसरा मार्ग कोणी दाखवला नव्हता.

या प्रकरणातला पहिला निर्णयाचा टप्पा इथे आहे. डायव्हर्टर बिघडला की त्याची एक ठळक खूण दिसते: हीटिंग बंद असताना गरम पाण्याचा नळ सोडला तरी रेडिएटर कोमट होतात, कारण उष्णता तिकडे गळते. मी घरच्यांना विचारलं, उन्हाळ्यात असं कधी झालं होतं का? नाही. तो प्रश्न आधी विचारला असता तर त्या व्हॉल्व्हचे पैसे वाचले असते.

तपासणी

झाकण उघडण्याआधी मी एक मापाचं भांडं, घड्याळ आणि थर्मामीटर घेतलं. ही कामं घरमालकही करू शकतो. गॅसला किंवा बॉयलरच्या आत हात लावायचा नसतो, म्हणून कायद्याचीही अडचण नाही.

स्वयंपाकघरातला नळ बॉयलरला सगळ्यांत जवळ. थंड पाणी ७ अंश. गरम नळ पूर्ण उघडल्यावर मिनिटाला ८ लिटर. सुरुवातीला ५० च्या आसपास आलेलं पाणी मिनिटभरात ३१ पर्यंत घसरलं, मग ३९ पर्यंत चढलं, पुन्हा खाली. सरासरी ३५ धरली तर २८ अंशांची वाढ, म्हणजे जेमतेम १६ किलोवॉट. बॉयलर २८ चा. जवळजवळ निम्मी ताकद नळापर्यंत पोचतच नव्हती. बॉयलर लहान असल्याचं हे लक्षण नव्हे. लहान बॉयलर आपल्या पूर्ण ताकदीने, पण एका तापमानावर स्थिर पाणी देतो. वरखाली होणारं तापमान वेगळं काहीतरी सांगत असतं.

मग एकेक शक्यता बाजूला केली.

शॉवरच्या मिक्सरमधून थंड पाणी गरम लाइनीत शिरतं, हे अनेक घरांत होतं आणि दोष बॉयलरवर जातो. तपासायची रीत सोपी आहे. बॉयलरच्या खालचा थंड पाण्याचा आयसोलेशन व्हॉल्व्ह बंद करायचा आणि गरम नळ उघडायचा. पाणी थांबलं पाहिजे. वाहत राहिलं तर ते कुठल्यातरी मिक्सरमधून येतंय. इथे थांबलं.

गॅस कमी पडतोय का? सगळे रेडिएटर उघडून हीटिंग पूर्ण जोरात चालवलं आणि मीटरवर गॅस मोजला. आकडा पुस्तिकेशी जुळला. बर्नर ठीक होता.

प्रेशर गेज १.३ बारवर स्थिर. हेही पाहावं लागतं, कारण प्लेटच्या पत्र्याला बारीक भोक पडलं तर नळाच्या पाण्याचा जास्तीचा दाब आत शिरतो आणि फिलिंग लूप, म्हणजे हीटिंगमध्ये पाणी भरायची जोडणी, बंद असतानाही काटा आपोआप चढत राहतो. इथे तसं नव्हतं.

आता खरा प्रश्न उरला: बर्नर उष्णता तयार करतोय, मग ती जाते कुठे? बॉयलरच्या तपासणी-मेनूत आतल्या पाण्याची जाण्याची आणि परतीची तापमानं दिसतात. नळ चालू असताना आतलं पाणी ८२ अंशांवर जात होतं आणि ६८ वर परत येत होतं. लगेच बर्नर स्वतःला आवरत होता, मग विझत होता, थंड झाल्यावर पुन्हा पेटत होता. बर्नर पूर्ण ताकदीने चालू असतो तेव्हा या बॉयलरमध्ये परतीचं पाणी पंचवीस-तीस अंशांनी उतरलेलं हवं. ८२ अंशांचं पाणी प्लेटमधून फिरून ६८ वरच परततं आणि नळाला तरीही ३५ येतं, याचा अर्थ उष्णता पत्र्याच्या पलीकडे जात नाही. प्लेटवर थर साचलाय.

थर कोणत्या बाजूला, हेही याच आकड्यांवरून बरंचसं कळतं. रेडिएटरच्या बाजूने गंजाचा काळा गाळ अडकला असता तर आतल्या पाण्याचा प्रवाहच मंदावला असता, आणि जाणं-येणं यांतलं अंतर मोठं दिसलं असतं. इथे अंतर लहान होतं. म्हणजे मुख्य थर नळाच्या बाजूचा, क्षारांचा.

टेम्स खोऱ्यातलं पाणी चुनखडीच्या थरांतून येतं. पाणी पुरवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर पोस्टकोड टाकून पाहिला, तर कठीणपणा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, लिटरला २५० मिलिग्रॅमच्या वर निघाला. घरातली किटली पाहिली असती तरी कळलं असतं, तळाशी पांढरे पापुद्रे होते. इंग्लंडच्या इमारत नियमांच्या मार्गदर्शनात २०० च्या वर कठीणपणा असेल तर कॉम्बीला जाणाऱ्या पाण्यावर प्रक्रिया करावी असं सांगितलं आहे. बॉयलर बसवताना भरायच्या बेंचमार्क यादीत तो प्रश्न छापलेलाच असतो. या घरातल्या पुस्तिकेत ती सगळी पानं कोरी होती.

शिवाय गरम पाण्याचं सेटिंग ६२ अंशांवर होतं, आणि ‘कम्फर्ट’ चालू, म्हणजे नळ बंद असतानाही बॉयलर प्लेट दिवसभर तापवून ठेवायचा. ६० अंशांच्या वर क्षार फार झपाट्याने बसतात. सेटिंग वर का नेलं, याचं उत्तर साधं होतं. पाणी कोमट यायला लागलं तशी घरच्यांनी चकती फिरवली, त्याने थर वाढला, पाणी आणखी कोमट झालं.

बादलीचा हिशेब

इथे थोडं थांबतो, कारण मराठी घरांत हा गैरसमज घट्ट आहे. बंबाच्या किंवा टाकीच्या गिझरच्या सवयीने आपण कढत पाणी काढतो आणि त्यात विसण घालतो. टाकीच्या बाबतीत ते बरोबर आहे. साठवलेलं पाणी जितकं कढत, तितकं जास्त पुरतं. कॉम्बीत तसं होत नाही. १८ लिटरची बादली ७ वरून ४० अंशांवर न्यायला लागणारी उष्णता ठरलेली आहे, आणि २८ किलोवॉटला तिला दीड मिनिट लागणारच. ६० अंशांचं पाणी बारीक धारेने घेऊन विसण घाला किंवा थेट ४० अंशांचं पाणी सोडा, बादली तेवढ्याच वेळात भरते. कढत पाण्याने मिळतात ते जास्तीचे क्षार, आणि भाजण्याचा धोका. ६० अंशांच्या पाण्याने काही सेकंदांत त्वचा भाजते. म्हाताऱ्या माणसांची आणि मुलांची त्याहून लवकर.

हे सासूबाईंना समजावताना मी कागदावर आकडे मांडले नाहीत. बादली ठेवली आणि दोन्ही प्रकारे भरून दाखवली.

पर्याय

प्लेट न काढता आम्लाने धुणं हा सगळ्यांत स्वस्त मार्ग. पण इतका थर बसल्यावर काही खाचा पूर्ण बंद झालेल्या असतात, तिथून आम्ल फिरतच नाही, आणि जुन्या पत्र्याला भोक पडायची भीती असते. मी नको म्हटलं.

नवी प्लेट बसवणं, सोबत हीटिंगचं पाणी साफ करणं आणि क्षारांचा बंदोबस्त करणं: खर्च काही शे पौंड. बॉयलर आता नऊ-दहा वर्षांचा होता, त्यामुळे पुढे दुसरं काही बिघडण्याची शक्यता गृहीत धरावी लागत होती.

३५ किलोवॉटचा नवा कॉम्बी घेतला तर थंडीत मिनिटाला १४-१५ लिटर मिळालं असतं. घरात येणाऱ्या थंड पाण्याचा प्रवाहच १५ च्या आसपास होता, म्हणजे तो काठावर पुरला असता. दोन शॉवर एकदम चालवायला तेही अपुरंच. मीटरपासून बॉयलरपर्यंतच्या गॅसच्या नळीत दाबाची घट १ मिलिबारच्या आत राहावी लागते. इथली १५ मिलिमीटरची लांब नळी बदलावी लागली असती, म्हणजे फरशी उचकटणं आलं. आणि जुन्या रेडिएटरमधला गाळ तसाच ठेवून नवा बॉयलर जोडला असता, तर त्याची वॉरंटीही धोक्यात आली असती.

चौथा पर्याय सिस्टिम बॉयलर, म्हणजे वेगळ्या टाकीतलं पाणी तापवणारा, आणि १८०-२०० लिटरची दाबाची गरम पाण्याची टाकी. सहा माणसांच्या, दोन न्हाणीघरांच्या घराला हाच खरा जुळणारा. पण त्यासाठी वेगळी पात्रता असलेला कारागीर, सुरक्षा-निचऱ्याची नळी, वार्षिक तपासणी आणि मुख्य म्हणजे जागा लागते. जुनी टाकी ज्या कपाटात होती तिथे आता देवघर होतं. देव हलवायचा विषय मी काढला नाही आणि त्यांनीही नाही. ऐन डिसेंबरात एवढं काम काढणं कोणालाच परवडणारं नव्हतं.

हीट पंपाबद्दल, म्हणजे बाहेरची उष्णता विजेच्या मदतीने घरात आणणाऱ्या यंत्राबद्दल, नवऱ्याने विचारलं. इंग्लंड आणि वेल्समध्ये त्यासाठी ऑक्टोबर २०२३ पासून ७,५०० पौंडांचं सरकारी अनुदान आहे. त्यालाही टाकी लागतेच, म्हणून तो विचार चौथ्या पर्यायासोबत पुढे ढकलला.

निर्णय आणि काम

दुसरा पर्याय ठरला. ठरवताना मी एक गोष्ट स्पष्ट सांगितली: दुरुस्तीनंतर पाणी स्थिर येईल, पण दोन शॉवर एकाच वेळी चालणार नाहीत. हे आधी बोलून घेणं मला आवश्यक वाटतं. नाहीतर काम चोख होऊनही घरच्यांना फसल्यासारखं वाटतं.

रेडिएटरच्या पाण्यात आधी सफाईचं रसायन घालून ते काही दिवस फिरू दिलं, मग तळ थंड असलेला एकेक रेडिएटर चुंबक लावून धुऊन काढला. पाणी शाईसारखं काळं निघालं. परतीच्या नळीवर चुंबकीय फिल्टर बसवला आणि शेवटी गंजरोधक इनहिबिटर घातलं. सफाई, फिल्टर आणि इनहिबिटर या तिन्ही गोष्टी बीएस ७५९३ या ब्रिटिश मानकात सांगितल्या आहेत.

जुनी प्लेट काढली तेव्हा नळाच्या बाजूची तोंडं पांढऱ्या खड्यांनी जवळपास बुजलेली होती. रेडिएटरच्या बाजूलाही काळा लेप होता, पण पातळ. नव्या प्लेटसोबत रबरी सील नवी घातली आणि थंड पाण्याच्या तोंडाशी असलेली जाळी साफ केली. नंतर गळती, ज्वलन आणि गॅसची तपासणी. बॉयलरचं आतलं झाकण हे ज्वलनकक्षाचं सीलही असू शकतं, त्यामुळे हे काम गॅस सेफ रजिस्टरवर, म्हणजे गॅस-कारागिरांच्या अधिकृत यादीत, नाव असलेल्या माणसानेच करायचं असतं. कारागिराच्या ओळखपत्राच्या मागच्या बाजूला त्याला कोणती कामं करायची परवानगी आहे ते लिहिलेलं असतं, ते दाराशीच पाहून घ्यावं.

क्षारांसाठी दोन मार्ग होते. मिठावर चालणारा वॉटर सॉफ्टनर संपूर्ण घराला, किंवा फक्त बॉयलरच्या थंड पाण्यावर पॉलिफॉस्फेटचं, म्हणजे क्षार बसू न देणाऱ्या रसायनाचं काडतूस. सॉफ्टनर जास्त प्रभावी, पण पिण्याचा नळ वेगळा ठेवावा लागतो, आणि ॲल्युमिनियमचा हीट एक्स्चेंजर असलेल्या बॉयलरच्या हीटिंगच्या बाजूला मऊ केलेलं पाणी भरायचं नसतं. सिंकखाली जागाही नव्हती. म्हणून काडतूस घेतलं. ते वेळेवर बदललं नाही तर त्याचा उपयोग शून्य, म्हणून बदलण्याची तारीख त्याच्यावरच लिहिली आणि सूनबाईंनी फोनमध्येही टाकली.

गरम पाणी ५० अंशांवर ठेवलं, ‘कम्फर्ट’ बंद केलं. टाकीत साठवलेल्या पाण्यात लिजिओनेला जिवाणू वाढू नयेत म्हणून ते ६० ला तापवतात. कॉम्बीत पाणी साठतच नसल्याने ५० वर ठेवण्यात ती अडचण नाही.

निष्पत्ती

त्याच नळाला, त्याच ८ लिटरला पाणी ५० अंशांवर स्थिर आलं. बाथचा मोठा नळ ११ लिटरला ४२ अंश देऊ लागला, म्हणजे २७ किलोवॉट. किटली स्वयंपाकघरात परतली. ‘कम्फर्ट’ बंद असल्याने गरम पाणी यायला आता थोडं जास्त थांबावं लागतं, त्याची कुरकुर पहिल्या आठवड्यात झाली. सकाळच्या अंघोळींचा क्रम लावावा लागला, तो अजूनही आहे.

पुढच्या हिवाळ्याच्या सर्व्हिसला आकडे तेच होते. फिल्टरच्या चुंबकावर बराच गाळ निघाला, जो तसा राहिला असता तर प्लेटमध्ये गेला असता.

काय वेगळं करता आलं असतं

घर घेताना बॉयलरची पुस्तिका मागून बेंचमार्कची पानं पाहायला हवी होती. ती कोरी आहेत हे दिसलं असतं, तर भावात घासाघीस करता आली असती किंवा निदान क्षारांचा बंदोबस्त पहिल्याच वर्षी झाला असता. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांची बाजू वेगळी आहे. तिथे गरम पाण्याची दुरुस्ती १९८५ च्या घरमालक-भाडेकरू कायद्याच्या ११ व्या कलमानुसार घरमालकाची जबाबदारी असते, आणि गॅसची वार्षिक तपासणीही त्यानेच करवून घ्यायची असते. त्या तपासणीत गरम पाणी किती येतं हे मात्र मोजलं जात नाही. ती सुरक्षेपुरती असते. सर्व्हिसिंग वेगळं मागावं लागतं.

पहिल्या कारागिराच्या भेटीत भांडं आणि घड्याळ बाहेर आलं असतं तर डायव्हर्टरचा खर्च टळला असता, आणि बॉयलर लहान आहे हा निष्कर्षही. ग्राहक म्हणून एकच प्रश्न विचारता येतो: मिनिटाला किती लिटर आणि किती अंश वाढ मिळतेय, ते मोजलंत का?

पाणी कोमट यायला लागल्यावर चकती वर फिरवण्याऐवजी नळ थोडा बारीक करून पाहायला हवा होता. बारीक केल्यावर पाणी स्थिर आणि गरम झालं तर प्रश्न ताकदीचा. तरीही वरखाली होत राहिलं तर प्रश्न आतला, आणि सेटिंग वाढवल्याने तो बिघडतोच.

मूळ अडचण, म्हणजे सहा माणसं आणि दोन न्हाणीघरं, या दुरुस्तीने सुटलेली नाही. हा बॉयलर थकेल तेव्हा टाकीच घ्यायची असं ठरलं आहे. त्यासाठी जिन्याखालची जागा मोजून ठेवली आहे. निचऱ्याची नळी तिथून बाहेरच्या भिंतीला काढता येते, आणि देवघर आहे तिथेच राहतं.